विद्यापीठात अपंगत्व अभ्यास सुरू करायचाय? मग सुरुवात कुठून करायची ते वाचा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा विद्यापीठाच्या बैठकांत निघतो तो बहुतेक वेळा आरक्षणापुरता. कलम ३२ प्रमाणे प्रवेशात किमान ५ टक्के जागा, कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, एवढं सगळ्यांना पाठ असतं. कलम ४७ चं दुसरं उपकलम मात्र क्वचितच कुणी उघडून वाचतं. सर्व विद्यापीठांनी अपंगत्व अभ्यासाच्या अध्यापनाला आणि संशोधनाला चालना द्यावी, त्यासाठी अभ्यासकेंद्रं स्थापन करावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सोबत कलम ३९ ही वाचा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा समावेश शाळा, महाविद्यालयं आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात व्हावा, असं तिथे म्हटलं आहे. ही दोन पानं छापून फाइलच्या सगळ्यात वर लावा. "याची गरज काय?" हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येणार आहे आणि त्याचं पहिलं उत्तर ही पानं देतील.

हा लेख महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात किंवा त्याच्याशी संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्यांसाठी आहे. तुमचा विषय समाजशास्त्र असो, मराठी, कायदा किंवा वास्तुकला, काही बिघडत नाही. मी स्वतः या कामात काही वर्षं घालवली आहेत. जिथे अडलो, तिथली वळणं इथे जास्त सविस्तर सांगतो आहे.

पहिलं काम: हा विषय कोणता नाही, ते ठरवणं

"म्हणजे विशेष शिक्षकांचं बी.एड. का?" पहिल्या दहा माणसांपैकी नऊ जण हेच विचारतील. विशेष शिक्षण, वाचा-श्रवण उपचार, कृत्रिम अवयव शास्त्र हे पुनर्वसनाचे व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्यांना लागते आणि नोंदणी झाल्याशिवाय तिथला पदवीधर व्यवसाय करू शकत नाही. ते काम मोलाचं आहे, पण त्यात अपंग माणूस समोरच्या खुर्चीवर असतो आणि तज्ज्ञ टेबलापलीकडे. अपंगत्व अभ्यासात मुळात हे टेबल कुणी मांडलं, इथपासून प्रश्न सुरू होतात.

या विषयाचा जन्मही चळवळीतला. १९७६ साली ब्रिटनमधल्या शारीरिक अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने मांडलं की शरीरातली क्षती वेगळी आणि समाजाने त्या माणसावर लादलेलं अपंगत्व वेगळं. त्याआधी वर्षभर तिथल्या मुक्त विद्यापीठाने या विषयावर अभ्यासक्रम सुरू केला होता. त्याच्या घडणीत पुढे व्हिक फिंकेलस्टीन यांचा मोठा वाटा राहिला. ते स्वतः व्हीलचेअर वापरत. या विचाराला 'सामाजिक प्रारूप' हे नाव १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी दिलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या अंगाने आणि हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात कायद्याच्या अंगाने ही परंपरा रुजली.

वर्गात समजावताना मी एसटीचं उदाहरण देतो. पाय काम करत नाहीत ही क्षती. एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे, म्हणून तालुक्याच्या गावी कॉलेजला जाता येत नाही, हे अपंगत्व. पहिल्यावर डॉक्टर काम करेल. दुसऱ्यावर कुणी करायचं? इथवर आलेली मुलं लगेच पुढचे प्रश्न विचारतात: मग वेदनेचं काय? थकव्याचं काय? पायरी खाली आणली म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आजारातली कळ थांबेल का? हे प्रश्न अगदी रास्त आहेत आणि सामाजिक प्रारूपावर अपंग स्त्री-अभ्यासकांनी घेतलेले आक्षेपही याच जातीचे. दिल्लीच्या अनिता घई यांनी तर पाश्चात्त्य मांडणी भारतातल्या बाईच्या, घराच्या, कर्मकल्पनेच्या संदर्भात तपासून पाहिली. त्यांना अभ्यासक्रमात जागा हवीच.

दुसरं काम: समिती

माझ्या अनुभवात सगळं यश-अपयश इथेच ठरतं. म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या पहिल्या बैठकीला आम्ही एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला बोलावलं होतं. बैठक दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आम्ही चौघं वर पोचलो, चहा आला, आणि मग लक्षात आलं की पाहुणे खाली पोर्चमध्ये व्हीलचेअरवर बसून आहेत. शिपायाने त्यांना "उचलून आणू का?" असं विचारलंही होतं. त्यांनी शांतपणे नकार दिला. आम्ही खाली आलो आणि पोर्चमध्येच बैठक झाली. त्या दिवशीचा इतिवृत्तान्त मी अजून जपून ठेवला आहे. त्यात ठिकाणाच्या रकान्यात 'पोर्च' असं लिहिलं आहे.

तेव्हापासून माझा नियम ठरला: समितीत निम्मे सदस्य तरी स्वतः अपंग असावेत आणि ते अभ्यासक्रमाचा पहिला कागद लिहिला जाण्याआधी यावेत. तयार मसुद्यावर 'सूचना' मागवणं वेगळं आणि मसुदा सोबत बसून लिहिणं वेगळं. 'आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नाही' या चळवळीच्या घोषणेचा विद्यापीठातला अर्थ एवढाच.

निवडताना सगळे अस्थिव्यंग असलेले पुरुष येत नाहीत ना, ते पाहा. तसंच होतं, कारण सभांमधून तेच जास्त दिसतात. अंध व्यक्ती, सांकेतिक भाषा बोलणारी बहिरी व्यक्ती, मानसिक आजार अनुभवलेली व्यक्ती आणि बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्तीही हवी. बौद्धिक अपंगत्वाच्या बाबतीत आपण आईवडिलांना बोलावतो आणि काम झालं असं समजतो. पालकांनाही बोलवा, पण त्यांच्या मुलाच्या जागी नको. बहिऱ्या सदस्यासाठी दुभाषा लागेल. दोन तासांच्या बैठकीला दोन दुभाषे लागतात, कारण ते आळीपाळीने काम करतात. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दाखवा.

मानधनही द्या. विद्यापीठात पगारी प्राध्यापक आणि 'समाजसेवा म्हणून' आलेला अपंग तज्ज्ञ एका टेबलावर बसतात, तेव्हा कुणाचं ज्ञान फुकट आहे ते सगळ्यांना कळतं.

शिकवण्यासाठी अशा माणसांना आणायचा रीतसर मार्गही आता आहे. अनेक कार्यकर्त्यांकडे नेट, पीएच.डी. नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. तिथे या औपचारिक पात्रतेची अट नाही आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. तासिका तत्त्वावर दोन तास देऊन बोळवण करण्यापेक्षा हे दार ठोठावा.

नाव

नावावर वेळ जाईल, जाऊ द्या. शासनाच्या कागदात 'दिव्यांग' आहे आणि राज्याचा विभागही दिव्यांग कल्याण विभाग आहे. चळवळीतल्या अनेकांना हा शब्द नको असतो. अडथळा पायरीत असताना शरीराला दैवी म्हणून काय मिळालं, असा त्यांचा सवाल आहे. काहींना 'अपंग' खटकतो. आम्ही अभ्यासशाखेला 'अपंगत्व अभ्यास' म्हटलं, प्रस्तावात कायद्यातला शब्द वापरला आणि हा वाद पहिल्या सत्रात एक तासिका म्हणून ठेवला.

तिसरं काम: कागद कुठून कुठे जातो

एकदम एम.ए.चा प्रस्ताव नेऊ नका. शिक्षकपदं मागाल तर फाइल तिथेच बसते. पायरीपायरीने जा.

पहिल्या वर्षी एक खुली ऐच्छिक विषयपत्रिका, २ किंवा ४ श्रेयांकांची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावाच लागतो आणि विभागांना असे विषय हवेच असतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासिका, त्यामुळे दोन शिक्षक हे सहज पेलतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, तेही नोकरदारांना जमेल अशा वेळेत. मग वर्षाची पदव्युत्तर पदविका. तिला विद्यार्थी टिकले की एम.ए. आणि अभ्यासकेंद्र.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि त्यांतली एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आहे. तुमचा प्रस्ताव तिथे न्या. मानव्यविद्येत नेलात तर वास्तुकला, संगणक यांची माणसं बाहेर राहतात. या विषयाचं स्वतंत्र अभ्यास मंडळ नसणारच, म्हणून अधिष्ठात्यांना भेटून तदर्थ अभ्यास मंडळाची मागणी करा. पुढचा रस्ता ठरलेला आहे: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद, आणि पैशाचा किंवा पदांचा प्रश्न असेल तर व्यवस्थापन परिषद. विद्यापरिषदेच्या तारखा कुलसचिव कार्यालयातून आधीच काढून घ्या आणि उलटं मोजत या. एक बैठक चुकली की एक शैक्षणिक वर्ष जातं. आमचं गेलं आहे.

प्रस्तावाच्या प्रास्ताविकात आकडे लागतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांवर होती. पण सोबत हेही लिहा की ती मोजणी आठच प्रकारांत झाली आणि २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ला, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यात नंतर आले. म्हणजे आपल्याकडचे आकडे जुन्या व्याख्येचे आहेत आणि संशोधनाची गरज इथूनच सिद्ध होते.

चौथं काम: अभ्यासक्रम

परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम उतरवून घेण्याचा मोह होतो. निम्मा भाग उपयोगी असतोही. पण आपल्या मुलांना अपंगत्व भेटलेलं असतं ते आजीच्या म्हणींतून. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं", "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन", "वासरात लंगडी गाय शहाणी". पहिल्या तासाला फळ्यावर मुलांकडून म्हणी लिहून घ्या. अर्ध्या तासात फळा भरतो. मग एकच प्रश्न विचारा: यात आंधळा माणूस स्वतः कुठे बोलतो आहे?

यानंतर संतसाहित्य. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगं आहेत. तिथे ही व्यंगं अज्ञानाची रूपकं म्हणून येतात आणि रूपक म्हणून शरीर वापरण्याचा प्रश्न मुलांना तिथे नेमका भेटतो. त्याच्या शेजारी पैठणच्या कूर्मदासाची कथा ठेवा. हातपाय नसलेला कूर्मदास कार्तिकीसाठी लोळत लोळत पंढरीला निघाला आणि लऊळपर्यंत पोचला. एकादशीला पंढरपूर गाठणं अशक्य दिसताच त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला. कथेत विठ्ठल स्वतः लऊळला येतो. भक्तीची कथा म्हणून ती आपण ऐकलेली असते. वर्गात एका अंध विद्यार्थिनीने तिचा वेगळाच अर्थ लावला: "देवाने त्याला चालायला लावलं नाही, देव जागेवरून हलला." सुगम्यतेवर मी अनेक व्याख्यानं दिली आहेत, पण त्यातलं एकही या वाक्याइतकं नेमकं नव्हतं.

आत्मकथनांत नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' घ्या. ज्यांनी पुढे कोल्हापुरात संस्था उभी केली, त्या बाईच्या शब्दांत पक्षाघातानंतरचं घर, नोकरी, चिडचिड सगळं येतं. आनंदवनाचा अभ्यासही हवा. १९४९ पासूनचं ते काम गौरवापलीकडे जाऊन वाचायला शिकवा: कुष्ठमुक्त माणसाला गाव परत का घेत नाही आणि वेगळी वसाहत हे उत्तर आहे की प्रश्नाची खूण?

कायद्याची पत्रिका निकालांवर बेता. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून राहू शकत नाहीत, त्यांतला किमान भाग सक्तीचा हवा. त्या खटल्यात न्यायालयाने पाहणीचं काम दिलं होतं ते नालसारच्या अपंगत्व अभ्यासकेंद्राला. विद्यापीठातलं एक केंद्र काय करू शकतं, याचं हे उदाहरण कुलगुरूंना आवर्जून सांगा. २०२१ चा विकास कुमार निकालही घ्या. लेखनिक मिळणं ही मेहेरबानी नसून वाजवी सुविधा आहे, हे त्यातून मुलांना समजतं.

बाकीच्या पत्रिका तुमच्या भागावरून ठरू द्या. गडचिरोली-गोंदिया किंवा नंदुरबारकडे असाल तर सिकलसेल आणि आदिवासी आरोग्य. मुंबईत असाल तर लोकलचे अपघात आणि त्यांत हातपाय गमावलेल्या कामगारांचं पुढचं आयुष्य. ऊसपट्ट्यात असाल तर शेतयंत्रांवरचे अपघात. जात आणि अपंगत्व, बाई आणि अपंगत्व हे मात्र कुठेही वगळू नका, आणि त्यांची वेगळी 'घटक पाच' अशी कोठडीही करू नका.

क्षेत्रकार्यासाठी एक कल्पना देतो, ती आमच्याकडे फार चालली. राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचं अंदाजपत्रक मिळवायचं, हा खर्च कुठल्या शीर्षाखाली पडला ते शोधायचं आणि गावातल्या किमान पाच अपंग व्यक्तींना तो पोचला का ते विचारायचं. यातून विद्यार्थी लेखाशीर्ष वाचायला शिकतो, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकतो, आणि अपंग व्यक्ती त्याला गरजू म्हणून न दिसता हक्कदार म्हणून दिसते.

पाचवं काम: वाचायला मिळेल असं साहित्य

इथे मराठीची आपली एक अडचण आहे. जुनी पुस्तकं, परिपत्रकं, अगदी विद्यापीठाचे अभ्यासक्रमसुद्धा अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात. डोळस माणसाला पानावर सुंदर मराठी दिसतं. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो, किंवा काहीच वाचत नाही.

म्हणून नियम करा: विभागातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद युनिकोडमध्ये, शीर्षकांना शीर्षकाची शैली दिलेला, चित्राखाली वर्णन असलेला. जुन्या मजकुराचं स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) घ्या, पण ते तपासायला माणूस लागतो. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार यांत गोंधळ होतोच. 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं या कामाला मिळतात. स्वामित्वहक्काची भीती घालणारे भेटतील. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रत तयार करायला वाव आहे, आणि अंध वाचकांना सुगम पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार सगळ्यांत आधी मान्य करणारा देश भारतच. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो विभागातल्या प्रत्येक संगणकावर टाका आणि प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी पडदा बंद करून स्वतःची नोंद त्यावर ऐकावी.

तयार साहित्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन ग्रंथसंपदा आहे. मुंबईत असाल तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र पाहून या. २००३ पासून ते चालू आहे आणि महाविद्यालयाच्या आवारात हे काम कसं बसवायचं ते तिथे कळतं.

परीक्षा

परीक्षा विभागाशी सत्राच्या सुरुवातीलाच बोला, हॉल तिकिटं निघाल्यावर नको. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक यांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती पर्यवेक्षकाच्या हातात छापील असू द्या, कारण वाद होतो तो वर्गाच्या दारात. मूल्यमापनाचे पर्याय अभ्यासक्रमातच लिहून मंजूर करून घ्या: लेखी, तोंडी, ध्वनिमुद्रित, सांकेतिक भाषेत चित्रित. आणि हे पर्याय सगळ्यांसाठी खुले ठेवा. प्रमाणपत्र नसलेली, पण लिहिताना अडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

पैसा आणि नोकऱ्या

स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर सुरू करा असं सुचवलं जाईल. फी वाढली की ज्यांच्यासाठी हा विषय सगळ्यात जवळचा, तेच बाहेर राहतात. त्यापेक्षा सुरुवातीला दोन-तीन विभागांच्या चालू तासिका एकत्र आणा.

"नोकरी कुठे?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. या पदविकेवर थेट जाहिरात निघत नाही. पण समान संधी कक्ष, दिव्यांग हक्कांवर काम करणाऱ्या संस्था, इमारती आणि संकेतस्थळांची सुगम्यता तपासणारे गट, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग इथे ही माणसं लागतात. आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते लिहिता येणारी माणसं फार थोडी आहेत. शिक्षक, पत्रकार, वकील, तलाठी, ग्रामसेवक यांनी हा विषय जोडीला घेतला तर त्याचा उपयोग त्यांच्या रोजच्या कामात होतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा व्हायचं असेल तर मात्र त्यासाठी पुनर्वास परिषदेचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, हे प्रवेशाच्या वेळीच सांगा.

पहिला तास

पहिल्या तुकडीच्या पहिल्या दिवशी व्याख्यान ठेवू नका. चौघांचे गट करा, प्रत्येक गटाला मोजपट्टी आणि विभागाच्या इमारतीचा एक भाग द्या. उताराचं प्रमाण एकास बारा आहे का, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी आहे का? दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर भरते का? स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळते का, की तिथे झाडू आणि जुनी बाकं ठेवली आहेत? फलक ब्रेलमध्ये आहेत का? मोजलेलं सगळं एका तक्त्यात भरा, खाली तुकडीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो तक्ता कुलसचिव कार्यालयात आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. पोचेचा क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि उत्तर येईपर्यंत पुसू नका.